खुराड्यावरची सुनाखरी

स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडी नव्हती.

इंदुकलानं खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. बहिणीच्या बाळंतपणाला ती डिसेंबरात गंगटोकला गेली होती, ती आज अडीच महिन्यांनी कालिम्पोंगच्या घरी परतली होती. जीपमध्ये वाटभर ज्याची धास्ती होती तेच झालं होतं. सासूनं सुनाखरीची, रानात झाडावर वाढणाऱ्या त्या ऑर्किडची, कुंडी फेकून दिली होती.

तिचा नवरा मणिराज जिवंत होता तेव्हा पडवीभर सुनाखरी लटकत. पण सात वर्षांपूर्वी तो वरच्या रानात झाडावरून पडला. माणसांनी त्याला उचलून आणलं तेव्हा मुळांसकट एक झुबका त्याच्या मुठीत होता. "बायकोच्या फुलांच्या हौसेनं माझा पोरगा खाल्ला!" सासू, जसमती, चारचौघांत ओरडली होती. त्या दिवशी इंदुकलानं काही मागितलं नव्हतं, पण त्याआधी कितीदा तरी मागितलं होतं. दोष तिनं मुकाट्यानं पदरात घेतला.

बाकीच्या सुनाखरी एकेक करून वाळल्या. मुठीतली तेवढी तिनं जपली. चुलीजवळच्या खिडकीत ठेवली, गारठ्यात शाल गुंडाळली, रोज कोमट पाणी घातलं. पानं भरघोस आली. फूल एकदाही आलं नाही. जसमती त्या खिडकीवरून जाताना तोंड फिरवायची.

म्हातारी अंगणात मक्याचे दाणे सोलत बसली होती.

"आमा, माझी सुनाखरी कुठाय?"

"गेलीय थंडी खायला. मागं बघ, खुराड्यावर."

इंदुकला धावली. कोंबड्यांच्या खुराड्यावर कुंडी उघड्यावर होती. शेवाळ कोरडं ठणठणीत, कंद म्हातारीच्या गालांसारखे सुरकुतलेले.

"मारलंत हिला!" ती तिथूनच किंचाळली. "थेंबभर पाणी घालवलं नाही तुमच्यानं?"

कुंडी उचलायला ती वाकली आणि तशीच थांबली. पानांखालून पांढऱ्याशुभ्र फुलांचे घोस खाली ओघळले होते. प्रत्येक फुलाच्या गळ्यात पिवळा रंग.

जसमती काठी टेकत मागे येऊन उभी राहिली. "हिला हिवाळ्यात पाणी नको असतं, नि ऊबही नको. दंव पडायचं दिसलं की तेवढं पोतं टाकायचं. टाकत होते मी."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मग मणिराजला काय आभाळातून कळलं होतं? मीच शिकवलं त्याला, एवढासा होता तेव्हापासून."

इंदुकला तिच्याकडे वळली. "सात वर्षं मी हिला चुलीपाशी शिजवत होते, आमा. तुम्ही रोज बघत होतात. एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"फुलली असती तर बघावी लागली असती."

म्हातारी खुराड्याशेजारच्या दगडावर बसली. फुलांना तिनं हात लावला नाही. "तू नव्हतीस तेव्हा म्हटलं, बघू या. एकदाची बघूनच टाकू या."

"आमा, काय झालं?"

"त्या सकाळी तू झऱ्यावर गेली होतीस. तो चहा पीत होता." जसमतीचा आवाज बारीक झाला. "हे फूल त्याच्याकडे मी मागितलं होतं गं, पोरी."