मोराच्या मानेएवढा फरक

२००१ साली मोहिनी जपानच्या प्रयोगशाळेतून आईच्या वर्षश्राद्धाला येवल्यात आली. मागावर बसलेल्या वडिलांनी, हिरामणने विचारलं, "तिकडं नेमकं करती काय गं तू?"

"प्रत्येक कणाला एक उलटा जोडीदार असतो, दादा. भेटले की दोघंही संपतात. ते तंतोतंत सारखे असते, तर जगात काहीच उरलं नसतं. कुठंतरी बारीकसा फरक असणारच. कणांची टक्कर घडवून तो शोधत होतो. यंदा एक सापडला."

हिरामणचे हात थांबले. उठून त्याने पेटीतून बायकोची पैठणी काढली. जन्मभर दुसऱ्यांच्या लेकीसुनांसाठी विणलं. घरात राहिली ती एवढीच. पदरावरच्या जोडीतल्या एका मोराची मान अंमळ जाड झाली होती, म्हणून व्यापाऱ्यानं ती परत पाठवली होती.

मोहिनी हसली. "आई सांगायची, जन्मात एकदाच तुमचा हात चुकला."

हिरामणने त्या मानेवरून हलकेच बोट फिरवलं.

"चुकला नव्हता, पोरी. दोन्ही मोर सारखे विणले असते, तर ही बी तिच्या अंगाला लागली नसती."