डोंगराला टेकू

अध्यक्ष विजयसाहेब मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले आणि कतारमधल्या दोह्याच्या मराठी मंडळाला नवं खूळ लागलं. अमेरिकेतल्या एका गावात जर्मनीहून आलेल्या लोकांनी टेकडीवर आपल्या मुलखातल्या वीराचं भलंमोठं स्मारक उभारलंय. तसाच डोंगर आणि वर मावळा, महाराष्ट्र दिनाच्या स्टेजवर हवाच! सुतारकाम करणाऱ्या निवृत्तीने सुट्टीचे शुक्रवार घालवून प्लायवूडचा डोंगर फुकटात उभा केला.

कार्यक्रमाला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, तर दारातच कार्यकर्त्याने अडवलं. "दादा, फक्त फॅमिली. बॅचलर अलाउड नाहीत."

दोन पोरींचा बाप निवृत्ती बॅचलर, का तर बायको पारू गावाकडे! आत माइकवर साहेब सांगत होते, "घरदार सोडून परमुलखात राबलेल्या सुतारा-लोहारांचा मान आहे ते अमेरिकेतलं स्मारक!" ऐकून निवृत्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकाएकी भाषण थांबलं आणि त्याचा फोन वाजला. साहेबच होते. "निवृत्ती, डोंगर कलतोय रे! मागच्या दाराने ये आणि धरून उभा राहा. यल्ला, लवकर!"



"येतो की साहेब. पारूला व्हिसा मिळाला, की जोडीनंच येतो."