वीतभर वर

“अजून वर,” विजयसिंह म्हणाले.

ते मोटारीत ताठ उभे होते. एक हात पुढं लांब केलेला, बोटं हवेतल्या एका दांडीवर आवळलेली. दांडी अजून बसायची होती. बंकट मिस्त्रीनं काचेची चौकट दोन्ही हातांनी उचलून त्या बोटांना टेकवली.

“दादा, इतकी वर घेतली तर खाली फट ऱ्हाते. वीतभर.”

“ऱ्हाऊ दे. वारं बसणाराला लागंल. मी उभा ऱ्हाणार हाय.”

बसणारा म्हणजे ड्रायव्हर रामहरी. तो कडेला तंबाखू मळत होता. त्याचं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असं त्यालाही वाटलं नाही. नोकरीत ती अपेक्षा केव्हाच मोडली होती.

मोटार विजयसिंहांच्या आजोबांची. निजामाच्या काळातली, उघडी, लांब नाकाची. आजोबांनी ती एका जहागीरदाराकडून घेतली तेव्हा तिला छप्पर होतं, समोर काचही होती. छप्पर उंदरांनी खाल्लं. काच कुणी फोडली याबद्दल घरात दोन गट आहेत. मधली कित्येक वर्षं मोटारीत कोंबड्या बसत. मग पक्षाचे साहेब मिरवणुकीला नेकनूरला येणार असं ठरलं आणि विजयसिंहांना वारशाची आठवण झाली.

जिल्हा परिषदेचं तिकीट मुंबईत ठरतं, पण गावाला ते मिरवणुकीत कळतं. उघड्या गाडीत साहेबांच्या शेजारी जो उभा, तो उमेदवार. पक्षानं जाहीर काय करायचं ते नंतर सावकाश करावं. या वेळी तिकिटासाठी दोघं अडून बसले होते, विजयसिंह आणि अभिमन्यू. अभिमन्यूकडे जेसीबी होते, पोरं होती, घोषणा होत्या. उघडी मोटार नव्हती.

आता मोटारीत उभं राहायचं तर धरायला काहीतरी लागतं. काच हवी होती ती तेवढ्यासाठीच. काचेच्या वरची दांडी एका हातानं धरून साहेब दुसरा हात हलवणार, शेजारी विजयसिंह तसंच करणार. पण दांडी मूळच्या उंचीवर ठेवली तर विजयसिंहांना किंचित वाकावं लागत होतं. आणि फोटोत वाकलेला माणूस उमेदवार दिसत नाही, कार्यकर्ता दिसतो.

बंकटचं गॅरेज माजलगावात. ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्या सोडून त्यानं कशाला हात लावला नव्हता, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं भंगारातल्या बसची काच कापून आणली. तिला रबर चढवलं. चौकटीच्या दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या वेल्ड करून वीतभर उंची दिली. पितळी बोल्ट पिळले. विजयसिंह दांडीला लोंबकळून बघत होते.

“म्हैस बांधली तरी हालायची न्हाई,” बंकट म्हणाला आणि त्यानं काचेच्या कोपऱ्यात आपल्या गॅरेजचा स्टिकर लावला. विजयसिंहांनी तो खरवडून काढला आणि तिथं साहेबांचा फोटो लावला. संध्याकाळी रामहरी मोटार घेऊन नेकनूरला निघाला. विजयसिंह एसी गाडीतून पुढं गेले.

सकाळी रामहरी आला तो डोळ्यावर पट्टी बांधून.

“काय झालं बे?”

“उसाच्या ट्रॉलीमागं होतो, दादा. पाचट उडालं, ते फटीतून सरळ डोळ्यात.”

“ट्रॉलीच्या मागं कावून चालवत होतास?”

“पुढं जायला मोटार पळती कुठं?”

एका डोळ्याच्या हाती साहेब देता येत नव्हते. दुसरा ड्रायव्हर शोधणं आलं. तयार सगळेच होते, पण त्या जुन्या गिअरची खोड कुणालाच माहीत नव्हती. अभिमन्यूचा जेसीबीवाला मोठ्या विश्वासानं बसला. मोटार पुढं घेतो म्हणाला आणि मागच्या रसवंतीत घातली. रामहरी सोडला तर ती मोटार साऱ्या तालुक्यात एकालाच येत होती. आजोबांच्या मांडीवर बसून शिकलेल्या विजयसिंहांना.

तेवढ्यात साहेबांच्या ताफ्याचे भोंगे ऐकू आले.

“दादा, तुमीच चालवा,” अभिमन्यू अगदी आदरानं म्हणाला. “साहेबांला सांभाळायला मी ऱ्हातो उभा.”

विजयसिंह स्टिअरिंगवर बसले. खुद्द मालकच गाडी हाकतोय म्हटल्यावर साहेबांच्या ते जास्तच ध्यानात राहील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पाचटाची धास्ती होती, म्हणून गॉगल लावला, तोंडाला उपरणं गुंडाळलं. इंजिन एकदा बंद पडलं तर पुन्हा कधी मनावर घेईल याचा भरवसा नव्हता, म्हणून उतरून साहेबांना हारही घालता आला नाही. हार अभिमन्यूनं घातला.

मिरवणूक झकास झाली. दोन्ही बाजूंनी जेसीबी गुलाल ओतत होते. काही काचेवर पडत होता, बाकीचा खालच्या फटीतून विजयसिंहांच्या तोंडावर येत होता. वर दांडी तसूभरही हलली नाही. अभिमन्यू ताठ उभा होता. फोटोवाले त्याला मान इकडं करा, तिकडं करा म्हणत होते आणि तो करत होता.

निम्म्या रस्त्यात साहेबांनी विचारलं, “गाडी विजयसिंहांची ना? मग ते कुठं दिसंनात?”

अभिमन्यूनं दांडी जरा घट्ट धरली. “निरोप दिलता, साहेब.”

विजयसिंहांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढला, उपरणं खाली ओढलं आणि मान वर वळवून म्हणाले, “साहेब, मी...” पुढचं वाक्य गुलालाबरोबर घशात गेलं. खोकल्याची उबळ आली. मोटार रस्ता सोडून कडेच्या गर्दीकडे झुकली.

साहेबांनी वरूनच त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

“ड्रायव्हर, तू पुढं बघ.”