हक्काचा गोल

"आज तरी हात पसरून धाव," मैदानाच्या जाळीपलीकडून इरासेमा म्हणाली. "गोल केल्यावर तू जे तोंड करतोस, ते टीव्हीवर बघवत नाही. वाटतं, कुणाच्या मयतीला आलायस."

वाल्देसिर खाली वाकून बुटाची नाडी आवळत होता. "आपल्या जुन्या क्लबवर गोल केला की आनंद करायचा नाही. रीत आहे, आई."

"मग इतके क्लब करायचे नव्हते."

तो हसला. मधली वर्षं बल्गेरिया, कुवेत आणि कोरियात गेली होती, बाकीची याच राज्यात. ज्याची जर्सी त्याने कधी ना कधी घातली नव्हती, असा संघ इथल्या दुसऱ्या विभागात शोधावा लागला असता. त्यामुळे गोल झाला की त्याचे दोन्ही हात माफी मागत वर जायचे, मान खाली. समोरचे प्रेक्षक उभे राहून सभ्यपणे टाळ्या वाजवायचे.

राहिला होता एकच क्लब, त्याच्या गावचा. त्यांनी त्याला कधी घेतलं नव्हतं. आज समोर तेच होते, आणि हरले तर ते खालच्या विभागात जाणार होते. आणि वाल्देसिरची ही शेवटची मॅच होती.

इरासेमा जाऊन आपल्या नेहमीच्या जागेवर बसली. अंगात गावच्या क्लबचा निळा शर्ट. शेजारी ओस्मार न्हावी.

"तू नक्की कुणाकडून आहेस?" त्याने विचारलं.

"दोघांकडून."

"असं नसतं, इरासेमा."

"माझं असतं."

गावाला बरोबरीही पुरली असती, आणि बरोबरी होत आली होती. घड्याळाकडे बघून ओस्मारने शेंगदाण्याची पुडी पहिल्यांदा इरासेमापुढे धरली. तेवढ्यात पाहुण्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला. दोन बचावपटूंच्या मधून वाल्देसिर उडाला आणि चेंडू डोक्याने खाली, जमिनीलगत मारला. जाळं हललं.

त्याचे हात सवयीने वर गेले.

गोलरक्षक चिखलात बसूनच त्याच्याकडे बघत होता. "माफी कसली मागतोस? तू आमच्याकडे होतास कधी?"

वाल्देसिरने प्रेक्षकांकडे पाहिलं. सगळे बसलेले. कुणी डोकं धरलं होतं, कुणी तोंडावर टोपी ओढली होती. एकटी इरासेमा उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती वाट बघत होती. उद्या सकाळी तिला याच लोकांबरोबर पावाच्या रांगेत उभं राहायचं होतं. ते तिलाही ठाऊक होतं. ती बसली नाही.

त्याने हात पसरले आणि तो तिच्या दिशेने धावत सुटला.

तो जाळीपाशी पोचेपर्यंत सगळे उठले होते. संत्र्याच्या साली आल्या, कागदी पेले आले. पुढे घुसलेल्या ओस्मारने जाळीत बोटं अडकवली होती. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"काजू, नालायका! खुर्चीवर फळी टाकून केस कापलेत तुझे मी!"

"काजू, बाप असता तर घरात घेतला नसता तुला!"

"लाज वाटते का रे, काजू? आमच्या छपरावर चढून चेंडू काढायचास, कौलं कोण भरून देणार?"

सोफियात, सोलमध्ये, कुवेतमध्ये हे लहानपणीचं नाव कुणाला माहीत नव्हतं. वाल्देसिर जाळीसमोर तसाच उभा राहिला. हात पसरलेलेच. शिव्या वाढत गेल्या, आणि हसावं की रडावं हे त्याच्या चेहऱ्याला ठरवता येईना.

मागून इरासेमाने ओस्मारच्या खांद्यावर टिचकी मारली.

"जरा सरक. मला दिसत नाहीये."