सातवी ओळ

अकरापैकी दहा नावं कोरून झाली होती. मॅकइन्स पाथरवटानं खांबावरची भुकटी फुंकरीनं उडवली, दोन पावलं मागं सरून पाहिलं. सहाव्या नावाखाली एक ओळ कोरी होती. मग पुढची नावं. दुरून बघणाऱ्यालाही आधी तीच रिकामी जागा दिसत होती.

शुक्रवारची दुपार. रविवारी लढाईत पडलेल्या गावच्या पोरांच्या स्मारकाचं अनावरण. रुळांपलीकडं धान्याच्या उंच लाकडी कोठीसमोर गव्हाच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. त्यातली एक गाडी रांग सोडून बाहेर पडली आणि सरळ स्मारकापाशी येऊन थांबली. तोरवाल हाउगन लगाम बांधायच्या आधीच खाली उतरला.

"माझ्या पोराचं नाव कुठाय?"

"तुमची बायको मंगळवारी येऊन गेली," मॅकइन्स म्हणाला. "ही ओळ सोडा म्हणाली."

"कमिटीला त्याचं नाव मी दिलंय. माझ्या हातानं लिहून."

"मग घरी दोघांनी बसून ठरवा, आणि मला सांगा. मी दगड घडवतो बाबा, नवरा-बायकोत पडत नाही."

सिग्ने गाडीतच बसून होती. आता ती सावकाश खाली उतरली.

त्यांचा मुलगा एलिंग बेल्जियममधल्या लढाईत हरवला, त्याला चार वर्षं होत आली होती. सैन्याकडून आलेल्या पहिल्या कागदात 'बेपत्ता' असं होतं. पुढं दुसरा आला, त्यात 'मृत समजावा' असं होतं. सिग्नेनं पहिला जपून ठेवला आणि दुसरा चुलीत घातला.

"मला न विचारता ओळ सोडायला सांगितलीस?" तोरवालनं विचारलं.

"मला न विचारता तू नाव दिलंस."

"सिग्ने, चार वर्षं झाली."

"त्यांना सापडला नाही, एवढंच त्यांनी लिहिलंय. स्ट्रँडांच्या पोरासाठी तर तो मेला म्हणून चर्चमध्ये प्रार्थनासुद्धा झाली होती. तू गेला होतास, मान खाली घालून. मग तो आला की नाही स्वतःच्या पायांनी?"

"तो कैदेत होता. लढाई संपली आणि महिन्याभरात आला."

"एलिंगला वेळ लागणारच. त्याला दिशा कळते कधी? जरा धुकं पडलं की स्वतःच्या घराचं कुंपण सापडत नाही त्याला."

मॅकइन्स खाली बसला आणि छिन्नीला धार लावू लागला. छिन्नीला धार होतीच.

तोरवालचा आवाज उतरला.

"रविवारी सगळं गाव इथं येईल. मग दरवर्षी येईल. प्रत्येक बाप आपल्या पोराच्या नावासमोर उभा राहील. मी कुठं उभा राहू? त्याला कुठं पुरलंय ते ठाऊक नाही. पुरलंय की नाही तेही ठाऊक नाही. आणि घरात त्याचं नाव काढलं की तू ताटावरून उठून जातेस."

"मला ऐकवत नाही."

"म्हणून मी काढत नाही. गोठ्यात म्हणतो."

"गोठ्यात?"

"दूध काढताना. गाईंना काय, त्या ऐकून घेतात." त्यानं कोऱ्या ओळीकडं बोट केलं. "इथं निदान वाचता तरी येईल मला. चारचौघांत. मोठ्यानं."

सिग्ने त्याच्याकडं बघत राहिली. रोज पहाटे पाच वाजता हा माणूस बादली घेऊन गोठ्यात जात होता, आणि ती आत भाकरीचं पीठ मळत होती. मध्ये होतं फक्त अंगण.

"हाउगन!" कोठीकडून कुणीतरी हाक मारली. "नंबर गेला तुझा! ये लवकर, नाहीतर आज गहू घरी घेऊन जा!"

तोरवालनं मान वळवली नाही.

सिग्ने खांबाजवळ गेली. हातमोजा काढून तिनं तळवा कोऱ्या ओळीवर ठेवला. दगड उन्हानं कोमट होता. मग तिनं वरच्या नावाच्या एका अक्षरात बोट घातलं आणि अक्षराच्या वळणानं शेवटपर्यंत फिरवलं. ते नाव जॉन गिलिसचं होतं. एलिंग आणि तो एकाच आगगाडीनं लढाईवर गेले होते.

"केवढं खोल कोरता हो?" तिनं विचारलं.

"नख पुरतं बुडेल एवढं," मॅकइन्स उठून म्हणाला. "शंभर वर्षं काही होत नाही."

"मग कोरा याचं. पण उथळ कोरा."

"उथळ म्हणजे?"

"आला तर अर्ध्या दिवसात कानशीनं घासून टाकता यावं, एवढं. मेलेल्यांत आपलं नाव बघून त्याला वाईट वाटेल."

मॅकइन्सनं दगडाकडं पाहिलं, मग तोरवालकडं. तोरवालनं टोपी काढून हातात घेतली होती.

"ती म्हणते तसं करा," तो म्हणाला.

"करीन. पण बाई, नंतर मला बोल लावू नका. हा चुन्याचा दगड आहे, मऊ. इथला वारा तुम्हाला माहीत आहे, बर्फ माहीत आहे. उथळ अक्षर वीस वर्षांत झिजून जाईल. बाकीची दहा राहतील आणि हे दिसायचंसुद्धा नाही."

"वीस वर्षं पुष्कळ झाली," सिग्ने म्हणाली. "पुढं वाट बघायला मी कुठं असणार आहे?"