पहिल्या नवऱ्याची अंगठी

"ओढ! अजून ओढ! बोट निघून आलं तरी चालेल, पण अंगठी निघू दे!" बेकरीवाली दातओठ खात म्हणाली.

लेक ओढतच होती. साबण लावून झाला, तेल लावून झालं, दोऱ्याचे वेढे देऊन झाले. अंगठी सांध्यापर्यंत यायची आणि तिथे हटून बसायची. चर्चच्या बाजूच्या खोलीत नुसता गोंधळ उडाला होता. भिंतीपलीकडे सगळी बाकं भरली होती, गाणारी मंडळी घसे साफ करत होती आणि पाळकांसमोर नळवाला नव्याकोऱ्या सुटात घाम पुसत उभा होता. आज त्याचं आणि बेकरीवालीचं लग्न. दुरुस्त झालेला नळ पुन्हा पुन्हा बघायला येणारा नळवाला कुणी पाहिलाय? सगळ्या गल्लीला कळलं होतं, फक्त हिलाच उशिरा कळलं.

अंगठी उद्या काढू, सकाळी काढू, असं करता करता लग्नाचा दिवस उजाडला होता. त्यात स्वतःच्या लग्नाचा केक दुसऱ्या कुणी करावा हे तिला पटेना. दोन दिवस फेटून फेटून बोटं टम्म फुगली होती.

शेवटी समोरच्या सोनाराला बोलावून आणलं. त्याने चष्मा वर सरकवून बोट पाहिलं.

"हात असा खाली लोंबकळत ठेवायचा, त्यात मूठ आवळून धरायची, मग सूज उतरणार कशी? आता कापावीच लागेल. नंतर जोडून देतो, सांधा दिसायचासुद्धा नाही."

त्याने कातरी काढली आणि बेकरीवालीने हात मागे ओढून घेतला.

"कापायची नाही."

"अगं मम्मी, सगळे थांबलेत बाहेर!"

"नाही म्हटलं ना!"

ती अंगठी बोटात चढल्यापासून कधी उतरलीच नव्हती. पीठ मळतानाही ती काढत नसे. संध्याकाळी टूथपिकने नक्षीत अडकलेला मैदा कोरत बसे. नवरा गेल्यावर तर अंगठ्याने ती फिरवत राहायचा चाळाच लागला होता. अंगठी फिरायला लागली की 'ते असताना' सुरू व्हायचं. ते असताना पाव असा फुलायचा, ते असताना घरात असं हसू असायचं. उद्याचं काही विचारलं की बाई गप्प. चर्चमध्येही तेच. पूर्वी नवऱ्याशेजारी उभी राहून दोन्ही हात वर करून गाणारी ही, त्याला पुरून आल्यापासून मांडीवर मूठ मिटून बसायची.

ती खुर्चीत मटकन बसली. डोळे भरून आले.

"त्यांनाच नकोय हे लग्न," ती लेकीला म्हणाली. "म्हणून धरून बसलेत. जा, बाहेर सांग. माझ्याने नाही होणार."

लेकीचं तोंड एवढंसं झालं. सोनार खिडकीबाहेर बघायला लागला. तेवढ्यात कोपऱ्यात काठी वाजली.

कोपऱ्यात सासूबाई बसल्या होत्या. गेलेल्या नवऱ्याची आई. दोघी अजून एकाच घरात राहत होत्या, आणि आज सकाळपासून त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. त्यांच्या नजरेला नजर द्यायचा बेकरीवालीला धीर झाला नव्हता. पोटचा पोर गमावलेल्या बाईसमोर पुन्हा नवरी व्हायचं, म्हणजे काय सोपं आहे?

"तो नाही धरून बसलेला. तू बसलीयेस," सासूबाई उठत म्हणाल्या. "माझा पोरगा प्रभूच्या हातात आहे. तू सोडलंस म्हणून तो पडायचा नाही. ऊठ, गाणं सुरू झालं."

आणि त्या मागे न बघता काठी टेकत निघून गेल्या. रागाने म्हणाल्या की मायेने, काही कळायला मार्ग नव्हता.

बेकरीवाली बाहेर आली ती बोटातल्या अंगठीसकटच. नळवाल्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो घाबरत घाबरत हसला. गाणं रंगात आलं होतं. सगळं चर्च उभं होतं. प्रभू, ती मनात म्हणाली, त्यांना तू धरलंयस, हे मी तोंडाने म्हणत आले, पण विश्वास ठेवलाच नाही. आता ठेवते. पुढचं मला दिसत नाही. तुला दिसतंय ना? मग झालं!

आणि तिचे हात वर गेले. दोन्ही. मुठी उघडल्या. इतक्या वर्षांनी तिचा खडा आवाज ऐकून गाणारी मंडळी चेकाळली. तेच कडवं एकदा झालं, दोनदा झालं, पाळकही थांबवेनात. ती डोळे मिटून गात राहिली. हात खाली येईनात. पोटात कसलंसं हसू उसळत होतं, लहानपणी झोका वर गेल्यावर यायचं तसं.

गाणं संपलं. तिने हात खाली आणून कडाडून टाळी वाजवली.

टण्ण!

तेलकट अंगठी बोटातून उडाली, फरशीवर आपटली आणि गडगडत बाकांखाली गेली. "मी बघतो, मी बघतो!" म्हणत नळवाला सुटासकट गुडघ्यांवर बसून बाकाखाली शिरला. त्याला सवयच होती.

अंगठी पहिल्या बाकापाशी पोचली आणि एका काठीला अडून थांबली. सासूबाई वाकल्या. त्यांनी ती उचलली, रुमालाने पुसली आणि आपल्या वाळलेल्या बोटात घातली. बेकरीवालीने त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"माझ्या पोराची आहे, माझ्याकडे राहील," सासूबाई म्हणाल्या आणि बाकाखालून बाहेर आलेल्या बुटांवर त्यांनी काठीने टकटक केलं. "अहो जावई, तिथे काय शोधताय? नवी काढा लवकर, तिचं बोट पुन्हा सुजायच्या आत!"