उजवं वळण

"सुकाणूचं पातं मोठंच लावा ताई," धर्मेंद्र म्हणाला. "गेल्या वर्षी वळणावर माझी बोट पार काठापर्यंत लांब गेली. पहिल्याच फेरीत बाहेर. क्लबवाले शूटिंग फक्त फायनलचं करतात, त्यात आम्ही कुठेच नाही."

पुष्पानं हातातल्या बोटीवरून नजर उचलली नाही. जव्हारच्या बाजारात तिचं आणि नवऱ्याचं, रोहिदासचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. धरणावर रिमोटच्या बोटींची शर्यत असली, की नाशिकच्या क्लबची मंडळी तिच्याकडेच येत. हा मात्र पहिल्यांदाच आला होता.

दारातच तिनं त्याला ओळखलं होतं. त्याला ती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कोर्टात ती अगदी मागच्या बाकावर होती आणि साक्ष देऊन हा माणूस मान खाली घालून निघून गेला होता. त्या खोट्या साक्षीनं तिचा भाऊ मुकेश तुरुंगात गेला. मोखाड्याच्या रस्त्यावर जीप चालवायचा तो. आईनं तेव्हापासून जीपच्या आवाजाला दार उघडणं सोडलं होतं.

"मोठं पातं वेगात बोट उलटवेल, साहेब," ती म्हणाली. "लहान लावलं तर वळणार नाही. सरळ दगडांवर."

"मग?"

"मापात घासून देते. आणि पातं फिरवणारी ही मोटर जरा हळवी ठेवते. रिमोटचं चाक नुसतं हललं तरी बोट ऐकेल. तुम्हाला जमेल ना?"

तो हसला. टेबलावरचा तांदळाएवढा स्क्रू त्यानं उजव्या हाताच्या चिमटीत उचलला, सुकाणूच्या भोकात धरला आणि बोटांनीच फिरवून बसवला. "हे बघा. जमेल की नाही?"

पुष्पा त्या स्क्रूकडे बघत राहिली. काय करायचं ते तिनं तिथेच ठरवलं.

"उद्या या," ती म्हणाली.

तो गेल्यावर रोहिदासनं दुकानाचं दार लोटून घेतलं. "तोच ना?" त्यानं विचारलं.

"तोच."

"पुष्पा, बोट फुटली म्हणून मुकेश सुटणार आहे का? वर आपल्याच दुकानाचं नाव खराब."

"तुम्ही मध्ये पडू नका."

तिनं पातं शिकंज्यात धरलं आणि कानस हातात घेतली. सुकाणूची खीळ किंचित सैल ठेवली, की भर वेगात पातं निखळणार. बोट धरणाच्या भिंतीवर आपटून तिच्या चिंधड्या होणार आणि चार लोकांत या माणसाचं तोंड उतरणार. हे चित्र तिनं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. गोड लागत होतं. कानशीचा आवाज बराच वेळ थांबला नाही.

शर्यतीच्या दिवशी धरणाच्या काठावर गर्दी होती. मोखाड्याकडूनही माणसं जीप भरून आली होती. धर्मेंद्रनं फायनलआधीच्या दोन्ही फेऱ्या जिंकल्या. फायनलला तो उभा राहिला, तेव्हा रोहिदासला राहवलं नाही.

"काय करून ठेवलंयस? आता तरी सांग मला."

"बघा ना."

बोटी सुटल्या. पाण्यावर नुसत्या किंचाळत गेल्या. सगळी वळणं उजवीकडची, तरंगत्या डब्यांना वळसा घालून. पहिल्याच डब्यापाशी एक बोट उलटली. दुसरी लांब जाऊन गवतात घुसली. धर्मेंद्रची लाल बोट डब्यावर चालून गेली, तसा रोहिदासनं श्वास रोखला.

बोट पाण्याला चिकटल्यासारखी वळली. डब्याला घासेल न घासेल अशी. पुन्हा वळली. प्रत्येक वेळी तशीच.

धर्मेंद्र जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पुष्पानं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.

रोहिदास तिच्याकडे बघतच राहिला. "मला वाटलं, तू बुडवणार."

"बुडवली असती तर पहिल्या फेरीत घरी गेला असता," पुष्पा म्हणाली.

गर्दीतून वाट काढत प्रतिभा आली. मुकेशचं अपील तीच चालवत होती. "शूटिंगच्या कॅसेटची एक प्रत मिळेल, म्हणाले क्लबवाले," ती हळूच म्हणाली. "पण आधी त्यांना त्याची मुलाखत पुरी करायची आहे."

पुष्पानं तिकडे पाहिलं. कॅमेरा धर्मेंद्रच्या अगदी समोर होता. जीपच्या धडकेनं आपल्या उजव्या हाताची बोटं कायमची लुळी पडली, असं शपथेवर सांगणारा तो माणूस त्याच बोटांनी रिमोटचं चाक कसं फिरवायचं, ते अजून दाखवत होता.